सुपरमॅनचा बाप कारकून होता

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमचा पुतण्या घरी आला. वय २३, बारावी झालेला. भिवंडीजवळच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत कामाला आहे. गाडीतून माल उतरवणे, खोक्यांवर चिठ्ठ्या लावणे, मोजदाद करणे हे त्याचे काम. अंगात निळा टी-शर्ट होता आणि छातीवर सुपरमॅनचे ते लाल-पिवळे चिन्ह. आल्या आल्या "जयभीम काका" म्हणाला, पण नेहमीसारखा ऐसपैस बसला नाही. चहा होईपर्यंत दाराशीच घुटमळत राहिला. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाला, "काका, जरा बघता का? इंग्रजीत आहे."

आम्ही चष्मा लावून वाचला. कागदाचा मतलब असा होता: मला माझा पगार, रजेचे पैसे, बोनस, भविष्य निर्वाह निधी असे सर्व काही मिळाले आहे, माझी कसलीही मागणी शिल्लक नाही, मी स्वखुशीने काम सोडत आहे. खाली सहीची जागा. तारीख मात्र कोरी.

"तुला हिशोब मिळाला?"

"नाही काका. एक तारखेपासून नव्या नावाने कामावर घेणार आहेत म्हणे. म्हणून जुना हिशोब बंद करायचा. बुधवारपर्यंत सही दिली नाही तर गेटपास मिळणार नाही."

"मिळाला नाही, तर मिळाला असे लिहून का देतोस?"

"सगळेच देतात हो. मी एकटा काय सुपरमॅन आहे?"

आमची आठवीतली मुलगी तिथेच अभ्यासाला बसली होती. त्याच्या छातीकडे बोट दाखवून ती हसली. पुतण्याही हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण सुपरमॅनची जी खरी गोष्ट आम्हाला ठाऊक होती, ती अशाच एका कागदाची आणि अशाच एका सहीची आहे. त्या दुपारी आम्ही ती दोघा मुलांना सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

वाचक म्हणतील, कुटुंबाच्या पानावर ही चित्रकथांची पोरखेळी कशाला? पण वाचकहो, आपल्या घरांत हे वीरपुरुष फार दिवसांपासून राहतात. आमच्या लहानपणी थोरल्या भावाने रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इंद्रजालच्या अंकांतला वेताळ आम्ही गोधडीत लपून वाचला. पुढे १९९७ साली दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला, तेव्हा ज्या घरी टीव्ही होता त्या घरी सगळी चाळ जमायची. आणि आता स्पायडरमॅनचे दप्तर नसलेला वर्ग सापडणे कठीण.

दुसरे कारण असे की, हे वीर आता मोठ्या माणसांच्या कचेऱ्यांतही शिरले आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. बाहेरून एक तरुण व्याख्याते आले होते. पडद्यावर बॅटमॅन, आयर्न मॅन यांची चित्रे दाखवून त्यांनी नेतृत्व आणि जिद्द या विषयावर चांगले दीड तास भाषण केले. तात्पर्य असे की, प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःला सुपरहिरो समजावे, संकटाला संधी मानावे, कुरकुर करू नये. त्या वेळी आमच्या विभागात सात जागांपैकी तीन रिकाम्या होत्या आणि चौघे सात जणांचे काम ओढत होते. मागच्या बाकावर बसलेले आमचे शिपाईमामा हळूच म्हणाले, "म्हणजे माणसे भरायची नाहीत, आपणच उडायला शिकायचे!"

मामांच्या बोलण्यात तथ्य होते. पण म्हणून या कथांत शिकण्यासारखे काहीच नाही असे आम्हास वाटत नाही. शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ते पडद्यावरच्या चित्रात जेवढे आहे, तेवढेच ते चित्र काढणाऱ्या माणसांच्या आयुष्यात आहे. आणि तो भाग प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

आता ती गोष्ट.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर अशी दोन मुले होती. दोघांचा जन्म १९१४ चा. दोघेही बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले. जेरीच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ साली दुकानात चोरी होत असताना ते कोसळले आणि गेले. जोचे वडील शिंपीकाम करीत. ही दोन मुले ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये एकत्र आली. जेरी लिहायचा, जो चित्रे काढायचा. जगभर मंदीचा काळ होता, हाताला काम नव्हते. अशा दिवसांत, १९३३ च्या सुमारास, त्यांनी दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा एक अफाट ताकदीचा माणूस कल्पनेतून उभा केला. तोच सुपरमॅन. साधा चष्मेवाला वार्ताहर म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करणारा, आणि वेळ आली की शर्टाची बटणे उघडणारा.

कित्येक वर्षे त्यांनी तो वेगवेगळ्या प्रकाशकांना दाखवला. सगळीकडून परत आला. अखेर न्यूयॉर्कच्या एका कंपनीला नव्या मासिकासाठी मजकूर हवा होता. त्यांनी १३ पानांची गोष्ट घेतली. पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. आणि मार्च १९३८ मध्ये त्या पैशांबरोबर एक कागद आला. या पात्राचे सर्व हक्क कायमचे कंपनीला दिले, असे त्यावर लिहिलेले होते. दोघांनी सही केली. त्या वेळी त्या धंद्यात सगळेच तशी सही करीत.

दोघांचे वय तेव्हा किती होते? २३.

हे ऐकून आमचा पुतण्या सावरून बसला.

जून १९३८ ची तारीख असलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. किंमत १० सेंट. सुपरमॅन बघता बघता देशभर पोहोचला. रेडिओवर गेला, चित्रपटात गेला, खेळण्यांवर आणि कपड्यांवर गेला. खरे सांगायचे तर पहिली दहा वर्षे त्या दोघांनाही काम होते आणि बऱ्यापैकी पैसा मिळत होता. पण तो कामाचा पैसा. मालकी त्यांची नव्हती. १९४७ साली ते हक्कासाठी कोर्टात गेले. १९४८ मध्ये तडजोड झाली, काही रक्कम हाती आली, पण सुपरमॅन गेला तो गेलाच. नोकरीही गेली. आणि अंकावर छापली जाणारी त्यांची नावेही काढून टाकण्यात आली. जेरी सीगल पुढे काही वर्षे त्याच कंपनीसाठी पुन्हा लिहीत होता, पण बिननावाने. आपणच जन्माला घातलेल्या पात्राच्या गोष्टी, आणि त्यावर नाव नाही! पुन्हा दावा केला, तोही १९७४ पर्यंत हरला.

१९७५ साली काय स्थिती होती? जो शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होता. आणि जेरी सीगल? तो लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी कचेरीत टंकलेखक-कारकून होता.

वाचकहो, आम्ही स्वतः कारकून आहोत. ही माहिती प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो होतो. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचा जन्मदाता आमच्यासारखाच आवक-जावकच्या ढिगाऱ्यात, साठीच्या उंबरठ्यावर, टाईप करीत बसला होता. शेजारच्या टेबलावरील माणसाला तरी ते ठाऊक असेल का?

त्याच सुमारास सुपरमॅनवर मोठा खर्चिक चित्रपट निघणार अशी बातमी आली. सीगलच्या सहनशक्तीचा बांध फुटला. त्याने आपली सारी हकीकत लिहून वर्तमानपत्रांना पाठवली. त्या कागदाचा फारसा उपयोग झाला नसता. पण मग दोन माणसे पुढे आली, आणि आमच्या मते या गोष्टीतले खरे वीर ते आहेत.

एक नील ॲडम्स. त्या काळचा नावाजलेला, मागणी असलेला चित्रकार. दुसरे जेरी रॉबिन्सन. तरुणपणी बॅटमॅनची चित्रे काढलेले आणि व्यंगचित्रकारांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवलेले. या दोघांना या भांडणातून मिळण्यासारखे काही नव्हते. उलट ज्यांच्याकडून काम मिळते त्यांचीच गैरमर्जी होण्याची भीती होती. तरी त्यांनी वर्तमानपत्रांना फोन केले, दूरचित्रवाणीवर त्या दोघांना नेले, आपल्या धंद्यातल्या माणसांचा पाठिंबा गोळा केला आणि कंपनीशी बोलणी केली. कायद्याने कंपनी काही देणे लागत नव्हती. पण लोकांच्या नजरेपुढे तिला मान वळवावी लागली. डिसेंबर १९७५ मध्ये समझोता झाला: दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर निवृत्तिवेतन, आणि सुपरमॅनवर त्यांची नावे पुन्हा छापायची. डिसेंबर १९७८ मध्ये चित्रपट आला तेव्हा पडद्यावर ती नावे होती. शुस्टर १९९२ मध्ये वारला, सीगल १९९६ मध्ये. जाताना आपले नाव परत मिळवून गेले.

आणखी एक गोष्ट. ते १३० डॉलर ज्या धनादेशात होते, तो धनादेश २०१२ साली लिलावात निघाला. त्या कागदाच्या तुकड्याला १ लाख ६० हजार डॉलर मिळाले. कष्ट करणाऱ्याच्या सहीची किंमत अशी उशिरा कळते, आणि ती तिसऱ्याच्या खिशात जाते.

आता या गोष्टीतून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, कागद वाचणे. आपल्यातील कित्येक जण नोकरीच्या धास्तीने न वाचता सही करतात. वाचण्यासाठी वेळ मागणे म्हणजे साहेबाचा अपमान करणे नव्हे. "घरी दाखवून उद्या आणतो" हे वाक्य नम्रपणे बोलता येते. कोऱ्या तारखेवर सही करू नये. न मिळालेले पैसे मिळाले असे लिहून देऊ नये. आणि ज्यावर सही केली त्याची एक प्रत, निदान मोबाईलवर काढलेला फोटो, आपल्याजवळ ठेवावा. पगारातून भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले जात असतील, तर आपला १२ आकडी खाते क्रमांक पाठ असावा आणि अधूनमधून पासबुक पाहावे. साधारणपणे मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के आपले कापतात आणि तितकीच भर मालकाने घालायची असते. कापले ते भरले की नाही, हे पासबुकच सांगते.

दुसरी गोष्ट, कामाचे श्रेय. बॅटमॅन १९३९ साली आला. त्यावर बॉब केन या एकाच माणसाचे नाव कित्येक वर्षे छापले गेले. पण त्या पात्राला रंगरूप आणि गोष्टी देण्यात बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. तो १९७४ साली गेला. त्याचे नाव बॅटमॅनचा सहनिर्माता म्हणून छापले जाऊ लागले २०१५ साली, तेही एका अभ्यासकाने आणि फिंगरच्या नातीने पाठपुरावा केला म्हणून. ७६ वर्षे लागली.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक चूक आठवते. १५ वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या थकबाकीचा एक तक्ता तयार झाला. तो रात्रंदिवस बसून केला होता नव्याने लागलेल्या एका मुलीने. पण साहेबांसमोर तो घेऊन गेलो आम्ही. साहेब खूश झाले, म्हणाले, "वा! फार व्यवस्थित काम केले तुम्ही." आणि आम्ही गप्प राहिलो. खोटे बोललो नाही, फक्त गप्प राहिलो. बाहेर आलो तर ती मुलगी आपल्या टेबलावर मान खाली घालून बसलेली. दार उघडे होते, तिने ऐकले होते. पुढे महिनाभर ती आमच्याशी कामापुरतेच बोलत होती. शेवटी आम्ही साहेबांकडे जाऊन सांगितले आणि पुढच्या टिपणीत तिचे नाव घातले. पण पहिल्या दिवशीची ती मान आम्ही विसरलेलो नाही. आपल्याला वरच्यांनी डावलले की आपण चिडतो. खालच्याला आपण डावलतो तेव्हा ते आपल्या लक्षातही येत नाही. नेतृत्वाची पहिली परीक्षा इथे होते.

तिसरी गोष्ट, पुढारपण म्हणजे काय? आपल्या मुलांनी २०१२ चा 'अ‍ॅव्हेंजर्स' चित्रपट पाहिला असेल. त्यातील कॅप्टन अमेरिका हे पात्र जो सायमन व जॅक कर्बी यांनी १९४१ साली निर्माण केले. कर्बीचे वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते. हा कॅप्टन मूळचा हडकुळा, आजारी पोरगा. सैन्यात घेतला न गेलेला. त्याच्या मंडळात थॉरसारखे, हल्कसारखे त्याच्याहून कितीतरी ताकदवान आहेत. तरी शहरावर हल्ला होतो तेव्हा सगळे बघतात त्याच्याकडे. आणि तो काय करतो? काम वाटतो. एकाने गच्चीवरून नजर ठेवायची, एकाने कडेने फिरून शत्रूला बाहेर जाऊ द्यायचे नाही, एकाने वरची वाट रोखायची. आणि स्वतः? तो रस्त्यावर, लोकांमध्ये, जिथे मार जास्त आहे तिथे उभा राहतो.

आमच्या कचेरीत एक हेडक्लार्क बाई होत्या. आता निवृत्त झाल्या. मार्चअखेरीस बिलांचा पाऊस पडायचा. बाई सकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बोलवायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या घरी आज काय अडचण आहे?" कुणाचे मूल आजारी, कुणाची शेवटची गाडी. ते ऐकून मग काम वाटायच्या. सर्वांत किचकट, आक्षेपांनी भरलेली फाईल आपल्याकडे ठेवायच्या. चूक झाली तर साहेबांसमोर "माझ्या विभागाची चूक" म्हणायच्या, आणि शाबासकी मिळाली तर नाव घेऊन सांगायच्या. त्यांच्या हाताखाली आम्ही रात्री दहापर्यंत थांबलो, पण कधी राबवून घेतल्यासारखे वाटले नाही.

चौथी गोष्ट जिद्दीची. स्पायडरमॅन १९६२ साली आला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो घडवला. पीटर पार्कर हा आईबापाविना, काका-काकूंनी वाढवलेला विद्यार्थी. घरभाड्याची चिंता, काकूच्या औषधाची चिंता. फोटो विकून चार पैसे मिळवायचे, आणि ते विकत घेणारा संपादक त्याच फोटोंवर स्पायडरमॅनची बदनामी छापणार! हे पात्र आपल्या मुलांना जवळचे वाटते याचे कारण हेच असावे. याच मालिकेच्या ३३ व्या अंकात, १९६६ साली, एक प्रसंग आहे. पीटर एका अजस्र यंत्राखाली अडकला आहे. वरून पाणी गळते आहे. काकूचे औषध समोर पडले आहे, पण हाताला येत नाही. पानामागून पान तो प्रयत्न करतो, थकतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि अखेर ते लोखंड उचलतो.

जिद्द या विषयावर बोलणारे हा प्रसंग हमखास सांगतात. पण त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तो स्वतःसाठी उचलत नाही, काकूसाठी उचलतो. आपल्या आयाबाया पहाटे चारला उठून डबे करून कामाला जातात, त्यांच्यातही हेच बळ असते. कुणासाठी उचलायचे हे ठाऊक असले की हात चालतो. दुसरी, त्याने ते लोखंड आपल्या अंगावरून काढले. रोज त्याखाली पडून राहण्याची सवय करून घेतली नाही. सोसणे आणि टिकणे यांत फरक आहे. ओझे उतरवण्याचा मार्ग शोधत जो उभा राहतो, तो टिकतो. ओझे हेच माझे नशीब म्हणून जो गप्प बसतो, तो फक्त सोसतो. आमच्या प्रशिक्षणात दुसऱ्यालाच जिद्द म्हटले गेले, आमची तक्रार ती होती.

या कथांतील एक खोट मात्र मुलांना सांगितली पाहिजे. त्यांत संकट आले की आकाशातून एक जण येतो आणि बाकीचे सारे माना वर करून बघत राहतात. खऱ्या आयुष्यात अशी वाट बघणे महागात पडते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला, तो आपण सभांमधून ऐकत आलो आहोत. तो कामाच्या जागेलाही लागू आहे. युनियनचा पुढारी करील, ओळखीचा साहेब करील, समाजातला मोठा माणूस करील, असे म्हणत आपण आपली सही दुसऱ्याच्या भरवशावर देऊन टाकतो. सीगल-शुस्टरना वाचवायला सुपरमॅन आला नाही. त्यांच्याच धंद्यातली, त्यांच्यासारखीच पेन्सिल धरणारी माणसे आली.

आता पुतण्याचे काय झाले ते सांगतो.

त्या रात्री आम्ही त्याला एवढेच म्हटले, "एकटा जाऊ नकोस, आणि भांडायला जाऊ नकोस." सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने चार मित्रांना कागदाचा अर्थ मराठीत सांगितला. मंगळवारपर्यंत अकरा जण झाले. आम्ही एक पानी अर्ज लिहून दिला. मागण्या साध्या: हिशोब लेखी द्यावा, तो मिळाल्यावर सही घ्यावी, निधीचे पैसे भरल्याचा तपशील द्यावा. पहिली सही कुणी करायची यावर पोरे अडली. जो पहिला तो डोळ्यांवर येणार. मग आम्ही सुचवले की सह्या ओळीने करू नका, गोलात करा. गोलाला पहिला नसतो.

बुधवारी सुपरवायझर ओरडला, एकदोघांना नावाने बोलला. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोरांनी अर्ज देतानाचा फोटो काढून ठेवला होता. शुक्रवारी ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणाला, तो कागद सध्या राहू द्या, हिशोब देतो. अकरापैकी दोघांनी दरम्यान सही करून दिली. एकाच्या बहिणीचे लग्न तोंडावर होते. आम्ही त्यांना दोष देत नाही. पासबुक पाहिल्यावर पाच महिन्यांचे पैसे कापले पण भरले नाहीत असे दिसले. त्याची तक्रार निधी कार्यालयाकडे गेली आहे. पुतण्याला गेटपास मिळाला, पण एकाच महिन्याचा. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. वहिनींना काळजी आहे, आणि ती रास्त आहे. परवा आमच्याशी बोलताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोराची नोकरी गेली तर?" आम्ही काय उत्तर देणार? म्हटले, "वहिनी, सही दिली असती तरी एक तारखेला तो नवाच कामगार झाला असता. मागची तीन वर्षे पुसली गेली असती. आता निदान ती कागदावर आहेत." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या दोन बायकांना घेऊन आल्या. त्या घरकामाला जातात, आणि त्यांच्याकडेही एकेक कागद होता.

त्यावरून आम्ही एक सुरुवात केली आहे. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही दोन-तीन नोकरदार विहाराच्या ओट्यावर तासभर बसतो. ज्याच्याकडे नोकरीचा, कर्जाचा, भाड्याचा न समजलेला कागद असेल त्याने आणावा. आम्ही वकील नाही. वाचून अर्थ सांगतो, आणि आमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर तसे सांगून योग्य ठिकाणी पाठवतो. गेल्या तीन रविवारी मिळून १९ कागद आले. प्रत्येक वस्तीत बी.कॉम., बी.ए. झालेली दोन माणसे असतातच. त्यांनी आठवड्यातला एक तास दिला तर पुष्कळ सह्या वाचतील.

आणि मुलांना सुपरमॅनचा टी-शर्ट जरूर घ्यावा. घेताना तो घडवणाऱ्या त्या दोघांची गोष्टही सांगावी. आमच्या मुलीने ती वर्गात सांगितली. बाईंनी विचारले, "यातून काय शिकलीस?" ती म्हणाली, "सही करायच्या आधी वाचायचे, आणि वाचता येत नसेल तर कुणालातरी बोलवायचे."